शेऱ्याचा रकाना

फलकावरचे पाचही दिवे हिरवेगार होते, आणि अकरा नंबरची मधपेटी रिकामी होती. या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी खऱ्या कशा असू शकतात, हे शाल्मलीला काही केल्या उमगेना.

तिने झाकण पुन्हा उघडून पाहिलं. चौकटी जागच्या जागी होत्या, पोळी होती, पण औषधालासुद्धा माशी नव्हती. मध चाटूनपुसून नेलेला. पोळ्यांवर पांढुरके धागे पसरले होते आणि तळाला मेणाचा चुरा साचला होता.

"मापाडी, ही पेटी बिघडलीय हे तू सांगितलं का नाहीस?" ती रडवेल्या आवाजात ओरडली.

मापाडी म्हणजे गुडघ्याएवढा यंत्रमानव. रोज सकाळी चाळीस पेट्या एकेक करून उचलायच्या आणि त्यांची वजनं संगणकाला कळवायची, एवढंच त्याचं काम. म्हणून शाल्मलीच्या आजोबांनी, आबांनी, त्याला बाजारात मापं घेणाऱ्या माणसाचं नाव दिलं होतं.

"वजन मी रोज सांगितलं," मापाडी म्हणाला. "बिघडलीय का, हे मला कुणी विचारलं नाही."

यंत्रावर चिडून उपयोग नसतो. शाल्मली तरी चिडली, आणि मग पेटीशेजारी मटकन खाली बसली.

साल होतं २०४९. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला देवळीमाळावर, पाच टप्प्यांच्या उतारावर, प्रत्येक टप्प्यावर आठ अशा चाळीस पेट्या होत्या. व्यवसाय तो केवढासा! आबा माशा बघायचे, आई बाटल्या भरायची, आणि अकरा नंबरची पेटी शाल्मलीची होती. ती सात वर्षांची असताना शाळेमागच्या जांभळीवर सातेरी जातीच्या देशी मधमाशांचा थवा लटकला होता. आबांनी तिच्या हातात टोपली दिली आणि म्हणाले, "हलू नकोस, त्या आपणहून येतील." त्या आल्या. तेव्हापासून पाच वर्षं त्या माशा त्याच पेटीत राहिल्या, आणि त्या मधाच्या बाटल्यांवर शाल्मली स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवायची.

आता त्या गेल्या होत्या. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा काळा चष्मा सांभाळत उतार उतरून आले. मधमाश्यांच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला हा माणूस रिकाम्या पेटीवर वाकला. मग त्यांनी तळाचा चुरा चिमटीत घेतला.

"मेणकिडा," ते म्हणाले. "अळ्या पोळी पोखरतात. फार झालं की सातेरी घर सोडते. चल, तक्ता उघडू."

तक्ता शाल्मलीने कित्येक दिवसांत उघडलाच नव्हता.

त्याचं असं झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी आबा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी सातारला आत्याकडे गेले. जाताना बजावून गेले, "तक्ता रोज बघत जा गं." तक्ता म्हणजे त्यांची स्प्रेडशीट (ओळी आणि रकाने असलेली संगणकातली वही). प्रत्येक पेटीची एक ओळ, आणि रकाने वजनाचे, तापमानाचे, फुलोऱ्याचे. चाळीस ओळी बघता बघता शाल्मलीला जांभया यायच्या. मग तिने एक झकास युक्ती केली. तिने डॅशबोर्ड बनवला (अनेक आकड्यांचं सार एका नजरेत दाखवणारा फलक). प्रत्येक टप्प्याला एक दिवा. पेट्यांचं सरासरी वजन वाढलं तर हिरवा, घटलं तर लाल. आबा परत आल्यावर थक्क होतील, असं तिला वाटलं होतं, आणि झालेही. चार दिवसांपूर्वी घरी येऊन त्यांनी फलक पाहिला, तिची पाठ थोपटली आणि औषधाचे थेंब घालून निवांत पडून राहिले.

फक्त एक अडचण आली होती. फलकाला आकडेच कळायचे, आणि तक्त्यात शेवटचा रकाना शब्दांचा होता. वर लिहिलं होतं: शेरा. शाल्मलीने फलकासाठी तक्त्याची नक्कल केली तेव्हा तो रकाना गाळून टाकला. आकडे तर सगळे आहेत ना, मग झालं!

ओसरीवर आबांनी मूळ तक्ता उघडला. "अकराची ओळ वाच. मला अजून बारीक अक्षर दिसत नाही."

शाल्मलीने वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात, आबा सातारला गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून लिहिलं होतं: 'तळाला चुरा. आठ दिवसांत पुन्हा उघडून बघणे.'

तिला पुढचं दिसेना. "आबा, हा रकाना मी काढून टाकला," ती म्हणाली.

आबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "आता वजनं वाच. गेल्या सहा दिवसांत दुसऱ्या टप्प्यावर काय झालं?"

"सात पेट्या चारशे-चारशे ग्रॅम वाढल्या. अकरा नंबर आठशे ग्रॅम घटली."

"सरासरी काढ बघू."

शाल्मलीने बोटावर हिशेब केला. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे अठ्ठावीसशे ग्रॅम वाढ. त्यातून आठशे गेले, उरले दोन हजार. भागिले आठ. "अडीचशे ग्रॅम. वाढलंय! म्हणून दिवा हिरवा."

"म्हणजे फलक खोटं बोलला?"

ती विचारात पडली. "नाही. बरोबर बोलला. पण सात पेट्यांच्या मधाखाली माझी पेटी बुडाली."

"शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, ती भात एका पातेल्यात शिजतो म्हणून जमते. इथे चाळीस पातेली आहेत. सरासरी घेतली की करपलेलं पातेलं दिसत नाही. आणि हिरवा कशाला म्हणायचं हे मापाडीने ठरवलं नव्हतं, पोरी. ते तू ठरवलंस. प्रत्येक फलकामागे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं की काय दाखवायचं आणि काय झाकायचं."

हे शब्द शाल्मलीला लागले. लागायलाच हवे होते.

"मग फलक मोडून टाकू? तक्ताच बरा," ती म्हणाली.

"अगं, रागाच्या भरात घर जाळशील! दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या सहा पेट्या उपाशी मेल्या, आठवतं? आकडे तक्त्यात होते. पण मी चाळीस ओळी रविवारी एकदाच वाचायचो. मला कळेपर्यंत आठवडा उलटला होता. फलक असता, तर त्याच दिवशी लाल दिवा दिसला असता. आत्ता कुठे धावायचं, हे फलक चटकन सांगतो. तिथे काय झालं आणि का झालं, हे तक्त्याला विचारायचं. पेट्या चारच असत्या तर नुसता तक्ता पुरला असता. चाळीस आहेत, रोज बदलतात, आई आणि तूही बघता, तर फलक हवाच. पण त्याच्या पोटात तक्ता हवा, शेऱ्यासकट."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आणि चूक तुझी एकटीची नाही. तो शेरा मी लिहिला होता. परत आल्यावर पेटी उघडायला मीच जायला हवं होतं. हिरवं दिसलं, म्हणून मीही पडून राहिलो. इतकी वर्षं माशांत घालवली आणि दिव्याला भुललो. तुझ्या माशा होत्या त्या. मला फार वाईट वाटतंय, शाल्मली."

तिने त्यांचा हात धरला.

दुपारी शाल्मलीने फलक नव्याने मांडला. पाच दिव्यांऐवजी चाळीस, दर पेटीला स्वतःचा. ज्या पेटीला शेरा असेल तिच्या दिव्याशेजारी पिवळा ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की तक्त्यातली ती ओळ आणि आबांचे शब्द समोर यायचे. अकराशिवाय आणखी तीन ठिपके लगेच उमटले. दोन शेरे राणीबद्दल होते. तिसरा सव्वीस नंबरचा होता: 'चुरा किंचित.' शाल्मली धावत सुटली. आबा मागून काठी टेकत आले. सव्वीसमध्ये अळ्या होत्या, पण एकाच पोळ्यात. ती चौकट त्यांनी काढली, तळ खरवडला. माशा गुणगुणत राहिल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत तिने अकरा नंबरची पेटी झाडून, पोळी काढून, उन्हात तापवून पुन्हा जागेवर ठेवली. रानातून एखादा थवा आलाच, तर घर तयार असावं. आत चांगलं मेण चोळताना तिचे डोळे पुन्हा भरून आले. मग तिने तक्ता उघडला आणि अकराच्या शेऱ्यात लिहिलं: 'माशा गेल्या. शेरा मी वाचला नव्हता.'

मापाडी तिच्याजवळ येऊन थांबला. "अकरा नंबर. वजन फक्त लाकडाचं. ओळ काढून टाकू?"

"नाही. ओळ राहू दे."

"मग उद्या दिवा कोणत्या रंगाचा लावू?"

शाल्मलीने रिकाम्या पेटीकडे पाहिलं.

"रंग नको लावूस," ती म्हणाली. "आधी मी उघडून बघते, मग सांगते."