कोरी पट्टी

माझ्या रानात न विचारता कुणी खडासुद्धा टाकत नाही, आणि त्या माणसानं अख्खा टिप्पर रिकामा केला होता.

मी पिंगळीची पंचफुला. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं रानानं शिकवलं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. लेक शिवशंकर पुण्याला, लेकी आपापल्या घरी. मी पारावरून निघाले की माणसं उठून उभी राहतात, भीतीनं म्हणा की मानानं. पण घरी बोलायला बैलांशिवाय कुणी नाही. तिन्हीसांजेला मी बैलांना शिव्या द्यायची आणि ते कान हलवायचे. एवढाच संसार उरला होता, पोरींनो.

ज्वारीच्या पेरणीआधीची गोष्ट. बांधावर गेले तर करड्या भुकटीचा हा ढीग! टिप्पर केव्हाच निघून गेलेला. ढिगाशेजारी एक उंच, सावळा माणूस आभाळाकडं बघत उभा. मी काय काय बोलले ते कागदावर उतरण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं,

"हे बन्सीधररावांचं शेत ना? लिंबाच्या झाडाचं?"

"त्यांचं पल्याड हाय, हे माझं. आमच्या शिवारात कडुलिंब नसलेला बांध दाखवा मला."

तो वळून बघायला लागला. खरंच एकेक बांध बघायला लागला, लहान पोरासारखा. मला हसू आलं... लय दिवसांनी आलेलं, म्हणून तोंड फिरवून घेतलं.

नाव दत्ताराम. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. बायको वारलेली, लेकरू नाही. कुठल्याशा संस्थेत कामाला होता. काळा दगड दळून ती भुकटी रानात पसरायची, हे त्यांचं काम. पाऊस पडला की भुकटी पाण्यात विरते, हवेतला कार्बन धरते, आणि ते पाणी ओढ्यातून गंगेत, गंगेतून समुद्रात जातं. हवा तापायची थोडी थांबते आणि समुद्राचा आंबटपणाही उतरतो, असं त्यानं समजावलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

"समुद्र आंबट व्हायलाय?" मी विचारलं. "मग काय, ताकात सोडा टाकावा तसं माझं रान टाकायचं त्याच्यात?"

"एका रानानं काय नाय होणार, बाई. रानं लय लागतील. आणि गुण येतो का नाय, किती येतो, ते अजून बघतायत. म्हणून तर मातीचे नमुने घेतो."

नमुन्यासाठी एक पट्टी बिनभुकटीची, कोरी सोडायची असा त्यांचा नियम. दोन्हीकडची माती ताडून बघायला. मी साफ नाही म्हणलं. आलंय ते परत पाठवणार नाही, पण ठिगळ लावलेलं रान मला चालायचं नाही.

"मग तुमच्या रानाचा नमुना नाय घेता येणार," तो म्हणला. "म्हणजे आमचं परत येणं पण नाय."

"नका येऊ. कुणी बोलावलंय?"

भुकटी पसरायला ट्रॅक्टर आला आणि हस्ताच्या पावसानं ओल्या झालेल्या काळ्या रानात रुतून बसला. मग मी बैलगाडी जुंपली. शेणखत टाकतो तशी रीत. एकानं पुढं बसून गाडी हळू हाकायची, दुसऱ्यानं मागं उभं राहून टोपल्यानं फेकत जायचं. वाऱ्याकडं पाठ ठेवायची, नाहीतर सगळं डोळ्यात. हाकायला मी बसले, मागं टोपलं घेऊन दत्ताराम. माझे बैल परक्याच्या हाताला येत नाहीत.

या कामाची एक गंमत हाय. दोघांच्या पाठी एकमेकांकडं असतात. तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो.

मी बैलांशी बोलायला लागले की मागून त्याचं उत्तर यायचं.

"तुमाला न्हाई म्हणलं, बैलाला म्हणलं."

"मला वाटलं, मलाच. शिवी तशीच होती."

एकदा खाली उतरले तर माझ्याकडं बघून म्हणला, "बाई, तुमचे केस पांढरे झाले."

"ते आधीच झाले होते. भुकटीवर आळ नका घेऊ."

"तरी... शोभतायत."

मी कासरा उगंच झटकला. बैल बिचारे विनाकारण पळाले.

नळावर सुलाबाईनं छेडलंच, पंचफुलाबाई गाडीत काय घालून हिंडायल्यात म्हणून. दगड, मी म्हणलं. तिचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं हसणं थांबेना.

त्यानं मला समुद्र सांगितला. मी कधी बघितलेला नाही. त्याची बायको ओहोटीला खडकावरची कालवं फोडायची. शिंपल्यात राहणारा जीव तो. आधी त्याचं कवच फोडायला कोयतीचा घाव लागायचा, पुढं पुढं ते पातळ व्हायला लागलं. "शेवटी शेवटी ती म्हणायची, कवच हातातच चुरतंय. पाणी कडू झालं असंल. ती गेली. मी हे काम धरलं. घरात बसून भिंतीशी किती बोलणार?"

मला काहीतरी मऊ बोलायचं होतं. पण जिभेला सवय नाही.

"आमची गंगा उगवतीकडं जाती, समुद्रवाले," मी म्हणलं. "तुमचं गाव मावळतीला. इथली भुकटी तुमच्या कालवांपर्यंत कशाला पोचतीय?"

मागं टोपलं थांबलं. बैलांच्या घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या.

"माहीत हाय," तो म्हणला. "कुठल्यातरी समुद्राला पोचंल ना... तिथं पण कुणाची तरी बायको खडकावर बसलेली असंल."

त्यानंतर रानाच्या कडेपर्यंत, धुऱ्यापर्यंत, मी बैल हळूच चालवले.

शेवटच्या दिवशी लिंबाखालची पट्टी तेवढी राहिली. गाडीत भुकटी होती. मी बैल वळवले आणि घराचा रस्ता धरला.

"बाई, एवढं राहिलं की."

"राहू द्या."

"अहो, भुकटी हाय अजून."

"तुमच्या साहेबाला कोरी पट्टी लागती ना? ठेवली."

पाठीला डोळे असते तर बरं झालं असतं.

"साहेबाला लागते," तो हळू म्हणला. "खरं हाय... साहेबालाच."

दुसऱ्या दिवशी तो पिंगळी टेसनावरून गेला. मी काही पोचवायला गेले नाही. रानात तिफणीमागं होते. गाडीनं शिटी दिली तेव्हा बैल आपसूक थांबले, आणि मी त्यांना शिवीसुद्धा दिली नाही.

मग थंडी. ज्वारी गुडघ्याला आली, कमरेला आली. शिवशंकरचा फोन यायचा, तब्येत विचारून ठेवून द्यायचा. मी रोज त्या पट्टीवर जायची. दोन्हीकडची धाटं मला तर सारखीच दिसायची, पण मी उभी राहायची. हुरडा आला. गावभर तो भाजायच्या आगट्या पेटल्या, लेकीबाळी माहेरी आल्या. माझ्या रानात पाखरं हाकायला मी एकटी.

आणि एका सकाळी बांधावर तोच उभा. हातात माती काढायचा लोखंडी गज, खांद्याला पिशवी.

"लिंबाच्या झाडाचं शेत हेच ना?"

मी गोफण खाली ठेवली. एवढंच जमलं.

त्यानं दोन्हीकडची माती काढली, पुड्या बांधल्या. मी हुरडा भाजून दिला. त्यानं फुंकर मारत खाल्ला. बोट भाजलं तरी तक्रार नाही.

"आता परत कधी?" मी आगटीकडं बघत विचारलं.

"पुढच्या हुरड्याला. वर्षातनं एकदाच घेतात नमुना."

"एकदा बघून काय कळतंय रानाचं? रोज घ्यावा."

तो खायचा थांबला. "रोज घ्यायचा तर... इथंच राहावं लागंल, बाई."

"मग मी काय म्हणायलेय?"

वारा धाटांतून सळसळत गेला. त्यानं विचारलं, गावाचं काय, शिवशंकरचं काय. शिवशंकरला विचारणार न्हाई, सांगणार हाय, असं मी म्हणलं. गावाला कुणी काही विचारतच नाही. "आणि एकदा समुद्र दाखवा मला. गंगा जाती तो बी, आणि तुमचा बी."

त्यानं नुसती मान हलवली. डोळे धुरानं भरले होते, असं आपण धरून चालू.

दुपारी गाडी जुंपली. तो सवयीनं मागं चढला आणि माझ्याकडं पाठ करून बसला. मी बैल हाकले नाहीत. कासरा हातात धरून तशीच बसले.

"काय झालं, बाई?"

"पुढं या," मी म्हणलं. "वाट इथनं दिसती."