दोनदा सांगितलं, एकदाच ऐकलं

“माझ्या वडिलांनी माझ्या नवऱ्याला मुद्दाम चिरडायचा प्रयत्न केला, असं सगळे म्हणतायत. ते खोटं धरलं, तर माझा नवरा खोटारडा ठरतो. आता तुम्हीच सांगा, मी कुणाच्या बाजूने रडू?”

समोर बसलेल्या मुलीने एका दमात एवढं सांगितलं. बाईंनी तिला पाणी दिलं.

बाई पूर्वी विमा कंपनीत अपघातांची चौकशी करायच्या. आता तेच काम स्वतःच्या हिमतीवर करत. त्यांचे दीर नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सतत त्यांच्याबरोबर असत. भाऊजी याला मदत म्हणत. बाई याला काय म्हणत ते त्या घरात उघडपणे बोलत नसत.

हकीकत अशी होती. मुलीचे वडील लोखंडी पाइपांच्या गोदामात क्रेन चालवत. नवरा तिथेच सिग्नलवाला. पाइपांच्या थप्प्या इतक्या उंच, की क्रेनच्या केबिनमधून खालचं काही दिसत नसे. खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगेल तसं सासऱ्याने करायचं. सोमवारी जावयाने ‘थांब’ सांगितलं, क्रेन थांबली नाही, आणि पाइपांची मोळी त्याच्या पायावर उतरली. दोन हाडं मोडली.

“आज संध्याकाळी मॅनेजर निर्णय देणार,” मुलगी म्हणाली. “बाबांना काढून टाकतील, वर पोलिसात तक्रारही करतील.”

“पण मुद्दाम कशाला करतील?” भाऊजींनी विचारलं.

मुलीने कपाळाला हात लावला. “स्कूटर. बाबांनी ह्यांना स्वतःची जुनी स्कूटर दिली होती. ह्यांनी ती न विचारता विकली. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. निरोप सगळे माझ्यामार्फत. मला अगदी वीट आलाय.”

जावई घरीच होता, प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून.

“मी दोनदा ‘थांब’ म्हणालो,” तो म्हणाला. “स्पष्ट. मॅनेजर शेजारीच उभे होते, त्यांना विचारा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच थांबले असते तर माझा पाय वाचला असता.”

“याआधी असं झालं होतं?”

“गेले दोन-तीन आठवडे हेच चाललंय. सांगितलं की जरा उशिराच थांबायचं. मला घाबरवायला. दुसरं काय?”

“मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?”

“मी बोलत नाही त्यांच्याशी.” जावयाने तोंड फिरवलं.

बाईंनी एक दीर्घ श्वास सोडला आणि गोदाम गाठलं.

मॅनेजर हातातलं घड्याळ बघतच बोलत होते. “मी शेजारी उभा होतो. माझ्या या कानांनी दोनदा ‘थांब’ ऐकलं. आता आणखी काय तपासायचंय? माझा सगळा माल अडकलाय.”

क्रेनवाला सासरा बाकावर बसला होता, हात गुडघ्यांवर.

“एकदाच आलं ‘थांब’,” तो म्हणाला. “आलं आणि मी दांडा ओढला. तो उशिरा सांगतो हल्ली. मुद्दाम. माझी चूक दिसावी म्हणून.”

“बाकीचे सिग्नलवाले कसे सांगतात?”

“ते डोकं खातात नुसते. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, सावकाश, काय जेवलात, येऊ दे. हा पूर्वी त्यांच्याहून बडबड्या होता. आता मोजून शब्द. एकदा ‘येऊ दे’ म्हणाला की एकदम ‘थांब’. मधे चिडीचूप.”

गेटवरच्या पहारेकऱ्याचा वॉकीटॉकी सेटही याच क्रेनच्या चॅनलवर असे. दुसऱ्या क्रेनचा चॅनल वेगळा होता. पहारेकऱ्यानेही ‘थांब’ एकदाच ऐकलं होतं.

“तो रोज सासऱ्याबरोबर डबा खातो,” मॅनेजर कुजबुजले. “त्याच्या साक्षीला काय किंमत?”

“तुमचा सेट बरा चालतो ना?” बाईंनी पहारेकऱ्याला विचारलं.

“झकास. पूर्वी दुपारीच बॅटरी झोपायची. आता दोन पाळ्या खेचतो.”

वॉकीटॉकीची देखभाल करणारा मेकॅनिक आधीच चिडलेला होता. “क्रेनमधला सेट चांगला आहे हो. तीनदा तपासला. मोळी पडल्यावर तोच सेट दुसऱ्या क्रेनवर दिला, एक तक्रार नाही. बॅटरीची ओरड होती, तीही मीच मिटवली मागच्या महिन्यात, सगळ्या सेटची. कुणी कौतुक केलं? उलट चौकशी माझीच.”

“मी तपासतो,” भाऊजी म्हणाले. त्यांनी एक सेट उचलला आणि मेकॅनिकला तो क्रेनमधला सेट देऊन काचेबाहेर आवारात उभं केलं. ऐकू आलं की हात वर करायचा.

“हॅलो, हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का? हात वर करा.” हात वर. “आता खाली करा.” खाली. “आता डावा.” डावा. भाऊजींना यात फारच गंमत वाटू लागली. त्यांनी मेकॅनिकला उजवा, डावा, दोन्ही, एका पायावर, असं सगळं करायला लावलं.

“वहिनी, सेट एकदम खणखणीत आहे. शब्द म्हणून चुकत नाही. म्हणजे सासराच...”

“भाऊजी, गप्प बसा.”

“मी एवढंच म्हणतोय की...”

“कृपा करून गप्प बसा. तुम्ही गप्प बसल्याशिवाय हे कोडं सुटायचं नाही.”

संध्याकाळी मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले. जावयालाही रिक्षातून आणलं होतं. सासरा एका कोपऱ्यात, जावई दुसऱ्या कोपऱ्यात, मुलगी मधे. मेकॅनिक पुन्हा बाहेर आवारात उभा होता, अतिशय नाराज.

“आता सेटवर कुणीही बोलायचं नाही,” बाई म्हणाल्या. भाऊजींनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ते मिटलं.

खोलीत नुसता पंखा वाजत राहिला. मॅनेजर चुळबुळले. भाऊजींचा चेहरा लाल झाला. मग बाईंनी सेटचं बटण दाबून एकच शब्द उच्चारला. “थांब.”

मेकॅनिकचा हात खालीच राहिला.

“थांब,” बाई पुन्हा म्हणाल्या. हात वर गेला.

बाहेरच्या मेकॅनिकला आत बोलावल्यावर तो म्हणाला, “मी ऐकल्याबरोबर हात वर केला. एकदाच तर म्हणालात.”

मॅनेजरांनी घड्याळ बघणं सोडलं.

“बॅटरीची ओरड तुम्ही कशी मिटवलीत?” बाईंनी मेकॅनिकला विचारलं.

“सेटमध्ये बॅटरी वाचवायची सोय असते. ती चालू केली.” तो एकाएकी अडखळला. “चॅनल शांत असला की सेट झोपतो. अधूनमधून जागा होऊन कुणी बोलतंय का बघतो. पण बाई, जागा व्हायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही.”

“आणि ‘थांब’ म्हणायला?”

मेकॅनिकने हातातला सेट टेबलावर ठेवला. बाई सगळ्यांकडे वळल्या.

“जावयाने दोनदा सांगितलं. मॅनेजर शेजारी होते, त्यांनी तोंडचे शब्द ऐकले, दोन्ही. सासऱ्याने आणि पहारेकऱ्याने सेटवर ऐकलं, एकच. पहारेकरी मैत्रीखातर बोलतोय असं तुम्ही धरलंत. तो खरं बोलत होता. दोघांचेही सेट झोपले होते. पहिल्या ‘थांब’ने ते नुसते जागे झाले.”

“पण मग मी तपासलं तेव्हा?” भाऊजींना राहवलं नाही.

“तुम्ही सेटला झोपू कुठे दिलंत? शिवाय ‘हॅलो’ तीनदा म्हणालात. त्यातला पहिला पोचला की नाही, कोण मोजतंय? मेकॅनिकनेही तसंच तपासलं, सगळे तसंच तपासतात. दुसऱ्या क्रेनवर हाच सेट चालला, कारण तिथे माणसं बोलतात. येऊ दे, येऊ दे, काय जेवलात. या गोदामात चॅनल शांत राहील अशी जोडी एकच होती.”

बाईंनी दोन्ही कोपऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. आता त्या खरंच वैतागल्या होत्या.

“तीन आठवडे सूचना मिळत होती तुम्हाला. याला वाटलं, सासरा उशिरा थांबतो. त्यांना वाटलं, जावई उशिरा सांगतो. ‘असं का होतंय’ एवढं एका वाक्यात विचारलं असतं, तर सेट त्याच दिवशी दुरुस्त झाला असता. पण नाही. स्कूटर.”

मॅनेजरांनी सगळ्या सेटमधली ती सोय ताबडतोब बंद करायला सांगितली. सासऱ्यावरचा आरोप मागे घेतला, तोही जरा पुटपुटतच, आणि ते मेकॅनिकला घेऊन बाहेर गेले.

म्हातारा तसाच बसून होता. आरोप गेल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठेच दिसेना. तो त्या प्लास्टरकडे बघत होता. मग तो मुलीला म्हणाला, “त्याला विचार, फार दुखतंय का.”

“नाही विचारणार,” मुलगी म्हणाली. “आता एकही निरोप नेणार नाही मी. इकडचा नाही, तिकडचा नाही. पाय गेला असता ह्यांचा. जीव गेला असता. तुमचं तोंड आहे ना, बाबा? मग तुम्हीच विचारा.”

ती पदराने डोळे पुसत खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

म्हातारा उठला. खोली ओलांडून त्याने जावयासमोर खुर्ची ओढली आणि बसला.

“फार दुखतंय का रे?”

जावयाने मान खाली घातली. “रात्री दुखतं, बाबा,” तो म्हणाला. “झोप लागत नाही.”