तुटलेला सात

ती त्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा तो पाण्याच्या टाकीवर होता, आणि तिचा हात शिडीवर.

"न विचारता चढलात. शिडी काढून घेऊ?"

"तुमच्या बाबांनीच बोलावलंय... फोनच्या कामाला. उंच जागा बघतोय."

"मग बघा सावकाश," ती म्हणाली, आणि शिडी खरोखरच उचलून घेऊन गेली.

पानगळीचे दिवस होते. उघड्या पडलेल्या फळबागेतून नजर थेट पलीकडच्या टोकाच्या पंपघरापर्यंत पोचत होती. तिथेच मागे एकदा तिचे वडील पाय मुरगळून पडले होते. खिशात फोन असूनही रेंज नसल्याने दुपार कलेपर्यंत त्यांची हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. तरी ते हसून म्हणत, "टॉवर उभारायचा तर बाग विकावी लागेल. आणि बाग विकली, तर टॉवर कुणासाठी?"

त्याने स्वस्तातली वाट काढली. घरातले इंटरनेट टाकीवरच्या लहानशा अँटेनाने पंपघराकडे धाडायचे. तिथल्या अँटेनाने ते झेलले, की खिशातला नेहमीचा फोनही वाय-फायवरून बोलू लागतो. वडिलांनी त्याचे नाव 'बिनतारी' ठेवून टाकले.

आवाज तुटतो का, हे पाहण्यासाठी पलीकडच्याने एक ते दहा आकडे मोजायचे, अशी त्याची रीत. ती पंपघरातून मोजू लागली: "पाच... सहा... आठ..."

सात नाही. त्याने दिवसभर जोडण्या उसकटल्या. शेवटी ती म्हणाली, "सात मी म्हटलाच नव्हता. लक्ष असतं का, ते बघत होते."

लक्ष कामाकडे, की तिच्याकडे? विचारायचे सोडून तो अवजारे आवरू लागला. काम संपवून तो गेला. ते वाक्य मात्र त्याच्याबरोबर गेले.

उन्हे तापू लागली आणि पंपघर मुके झाले. तिने बोलावले. त्याने सारे तपासले. वीज होती, अँटेना जागच्या हलल्या नव्हत्या. तो गोंधळून उभा राहिला. तिने नुसते समोर बोट दाखवले. मधली सगळी बाग हिरवीगच्च झाली होती.

"पानांतलं पाणी लहरी अडवतं," तो ओशाळला. "पालवी मी हिशेबातच धरली नव्हती."

"बाग आहे, साहेब. दरवर्षी फुटते."

ती थट्टा होती, की तक्रार? की आणखी काही, ज्याला त्याच्याजवळ शब्दच नव्हता?

झाडांना वळसा घालून त्याने बांधावर एक जादा अँटेनाचा खांब रोवला. चाचणी झाली, की येथले काम संपणार होते. दूरच्या एका मोठ्या कामाला संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता; तिकडे गेल्यावर वर्षभर तरी परतणे नव्हते.

"बिनतारी, म्हणजे आता तोंड दाखवणार नाहीस," वडील म्हणाले. तो हसला. ती हसली नाही. पंपघराकडे चालू लागली.

टाकीवरून त्याने फोन लावला. "मोजा."

शांतता.

अँटेनावरचे सगळे दिवे हिरवे होते. त्याने जोडणी दाबून पाहिली, अँटेना केसभर फिरवली. काही नाही. सगळे ठीक असताना बिघाड कुठे असतो, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. मग मुक्या फोनला सांगायला कसली भीती, असे वाटून तो हळूच बोलू लागला...

"ऐकू जात नाही, तेच बरं. तुम्ही समोर असलात की मला बोलता येत नाही. पालवी हिशेबात धरली नाही, कारण... कारण त्या दिवशी मी बागेकडे बघतच नव्हतो. मला नाही जायचं तिकडे. पण थांबा असं कुणी म्हटलेलं नाही, आणि तुम्ही थट्टा करता की..."

"एक," फोन म्हणाला.

त्याने कठडा घट्ट धरला.

"तुम्ही... ऐकत होता?"

"मध्ये बोलले असते, तर थांबला असतात." ती पुढे मोजू लागली. "दोन... तीन... चार... पाच... सहा... आठ."

"सात कुठे गेला?"

"तुटला वाटतं. उद्या येऊन शोधावा लागेल."

खाली, हिरव्या बागेच्या पलीकडे, पंपघराच्या दारात कुणीतरी हात उंचावला होता. त्याने दिव्यांकडे पाहिले. एकूण एक हिरवा.

"दोष गंभीर दिसतोय," तो म्हणाला. "तिकडच्या कामाला नकार कळवतो. इथे वेळ लागेल."