न उतरलेलं बाळ

रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या खोलीत सहा पाळणे होते, सहा बाळं, ऑक्सिजनच्या दोन नळ्या आणि कायम बंद असलेली एक खिडकी. आईवडील दूरहून स्थलांतर करून आलेले असले, तर बाळाच्या वजनात आणि रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये काही फरक दिसतो का, हे मला माझ्या प्रबंधासाठी तपासायचं होतं. रोज सकाळी मी एकेका बाळाच्या पावलाला सेन्सर लावायचे.

पाच बाळांचा ऑक्सिजन सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर. खिडकीजवळचं पंचाऐंशी. त्याचे आईवडील उंच डोंगरातून इथे समुद्राकाठी बांधकामावर आले होते. बाळ गुलाबी होतं, दूध व्यवस्थित ओढत होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आकडा पंचाऐंशीच. मी सेन्सर माझ्या बोटाला लावून पाहिला. नव्याण्णव. मशीनला उगाच नावं ठेवू नकोस, ते तुझ्यापेक्षा महाग आहे, असं सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाळण्यावर वाकले आणि माझ्या कानांत दडे बसले. उशाशी ठेवलेला बिस्किटांचा बंद पुडा टम्म फुगला होता. बाळाच्या आईने तो सहज बाजूला सारला. वर त्यांच्या गावी हवा विरळ, तिथल्या दुकानात सगळेच पुडे असे फुगलेले असतात म्हणे.

मग ती हळूच म्हणाली, "ताई, आम्ही दोघं खाली उतरलो. हा अजून वरच आहे."

मी हसून विषय बदलला.

त्या दुपारी शेजारच्या पाळण्यातल्या मुलीचे ओठ निळसर दिसू लागले. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, एवढीशी. आकडा नव्वद. तिचा पाळणा दाराकडे सरकवला की आकडा चढायचा, जागेवर आणला की उतरायचा. तिची आई बाहेरच्या बाकावर बसून होती. मी बाहेर आले की उठून उभी राहायची आणि काही न विचारता माझ्या तोंडाकडे बघायची.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. असलं काही प्रबंधात लिहू नकोस, एवढंच ते म्हणाले. पण खिडकीजवळच्या बाळाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. आईवडील त्याला घेऊन थेट गावी निघाले. पोहोचल्यावर त्याच्या वडिलांचा फोन आला. पोर मजेत होतं, दणकून दूध पीत होतं.

खिडकीजवळचा पाळणा रिकामा होता. मुलीचा आकडा ब्याऐंशी.

तिच्या पलीकडच्या बाळाचा सत्त्याऐंशी.

माझ्या कानांत आता दारातच दडे बसत होते.

कोपऱ्यात सिस्टर दुधाच्या वाट्या उकळत होत्या. हल्ली पाणी फार पटकन उकळतं, म्हणाल्या.

मी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला. इथे समुद्राकाठी पाणी शंभर अंशांना उकळतं, उंच डोंगरात त्याच्या बरंच आधी. पाणी खळखळत होतं. पारा थांबेपर्यंत वाट पाहिली, मग दुसऱ्या थर्मामीटरनेही मोजलं.

शहाऐंशी अंश सेल्सिअस.