मागे ओतलेलं पाणी

डिझेलच्या टँकरला गोळी लागली की लगेच आग लागते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. नुसतं भोक पडतं आणि डिझेल वाहू लागतं. मग खाली उतरायचं, भोकात साबण कोंबायचा, वर लाकडाची खुंटी ठोकायची आणि पुढं निघायचं. माझ्या टँकरला अशा खुंट्या इतक्या आहेत की वझीर म्हणायचा, "लाला, यावर आता धुणं वाळत घाल." वझीर माझा धाकटा भाऊ, लाला म्हणजे आमच्याकडं दादा. माझ्या मागचा टँकर तो चालवायचा.

आम्ही गझनीचे. काबूलला डिझेल भरायचं आणि कलातच्या बाहेर परदेशी फौजेचा तळ आहे, तिथं नेऊन रिकामं करायचं, हा आमचा धंदा. तळाच्या फाटकाशी दिवसच्या दिवस उन्हात उभं राहावं लागतं. कुत्री हुंगून जातात, मिसरूड न फुटलेले शिपाई बुटांनी चाकं ठोकून बघतात. तळाचा पास मी बैठकीच्या कापसात शिवून ठेवतो. रस्त्यात बंदूकवाल्यांना तो सापडला तर गळा जातो आणि फाटकाशी दाखवता आला नाही तर गोळी बसते. इकडे आड, तिकडे विहीर. दुसरं काम मिळत नाही. आमचा द्राक्षांचा मळा होता, त्यातून आता चिलखती गाड्या जातात.

वाटेतलं मुकुर गाव सोडलं की रस्त्याला लागून एक ओसाड वस्ती आहे. मातीच्या भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात. जमिनीखालून पाणी आणणारा जुना कालवा बाँबनं ढासळला, जर्दाळूची झाडं उभ्या उभ्या वाळली. एकच खोली शाबूत आहे, निळ्या दाराची. चढ संपतो तो तिथंच, म्हणून इंजिन थंड करायला आम्ही सगळेच थांबतो.

त्या खोलीत एक म्हातारी राहायची. गाड्या निघाल्या की ती कल्हई उडालेली तांब्याची झारी घेऊन बाहेर यायची आणि शेवटच्या गाडीच्या मागं रस्त्यावर पाणी ओतायची. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघाला की घरची बाई असंच त्याच्यामागं पाणी ओतते, म्हणजे तो सुखरूप परत येतो. अदे, म्हणजे आमची आई, आम्ही दोघं निघालो की न चुकता ओतायची. पण रस्त्यावरच्या परक्यांसाठी हे कुणी करत नाही. मला वाटलं, बिचारीचं डोकं फिरलंय.

ड्रायव्हरांना मात्र ते आवडायला लागलं. आमचा म्होरक्या बोस्तान म्हणायचा, तिनं पाणी ओतलेली गाडी त्या खेपेला सहीसलामत जाते. मग कधी मागं राहण्यासाठी भांडणंही झाली. मी असल्या गोष्टी मानत नाही. माझी गाडी पुढं असायची, ती आधी सुटायची. वझीर बहुतेक शेवटी राहायचा, पाणी पडायचं ते त्याच्या मागं.

एकदा मी तिला विचारलं, कालवा कोरडा, जवळपास विहीर नाही, मग पाणी येतं कुठून? ती म्हणाली, "घरात आहे." आम्ही तिला नान द्यायचो. आधी एका नानवर खूश असायची. पुढं पुढं जास्त मागायला लागली. आत माणसं आहेत म्हणायची. आम्ही तिथं दुसरं माणूस कधी पाहिलं नव्हतं. बोस्तान हसून म्हणाला, म्हातारीची भूक वाढलीय.

त्या उन्हाळ्यात एकदा आम्ही तळावर आठवडाभर अडकून परत येत होतो. वारा असा की ओठ फुटत होते. वस्तीपाशी रस्त्यावर जाताना ओतलेलं पाणी तसंच होतं. ओल्या मातीत वझीरच्या टायरची नक्षी ताजी होती. त्यानं उकिडवं बसून बोट लावलं. "थंड आहे, लाला," तो म्हणाला आणि बोट कुर्त्याला पुसलं. आम्ही ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्याच खेपेला, वस्तीच्या पुढच्या उडवलेल्या पुलापाशी, वझीरच्या टँकरवर रॉकेट आलं. मी आरशात बघितलं तेव्हा माझ्यामागं टँकर नव्हता, नुसता धूर होता. संरक्षणाला दिलेल्या शिपायांनी मला थांबू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर डांबर वितळून घट्ट झालं होतं आणि त्यात चाकांच्या कड्या रुतल्या होत्या. पुरायला काही मिळालं नाही. रिकामी कबर खणू नका असं मुल्ला म्हणाला, म्हणून तेही राहिलं. अदे रोज सकाळी मला विचारायची, तो आहे कुठं. मेलेल्या लेकाच्या उशाशी बसायलाही तिला जागा नव्हती. मला तिचं तोंड बघवत नव्हतं.

मी पुन्हा खेपा सुरू केल्या, कारण घर चालवायला दुसरं कुणी नव्हतं. वस्तीपाशी गाडी थांबवून सरळ म्हातारीकडं गेलो. दुपार होती, ती उंबऱ्यात नान मोडत बसली होती.

"तू त्याच्यामागं पाणी ओतलं होतंस," मी म्हणालो. "तो परत आला नाही."

"आला की," ती म्हणाली. "आत बसलाय."

मी तिला शिवी दिली. तिला राग आला नाही. नानचे तुकडे ओच्यात गोळा करत ती म्हणाली, "ज्या घरची बाई शेवटचं पाणी ओतते, त्याच घरी माणूस परत येतो. तुझ्या आईनं सांगितलं नाही तुला?"

दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार होता, चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता. मग कुणीतरी खोकलं. डिझेलच्या धुरानं वझीरला वर्षानुवर्षं खोकला होता, तो खोकला मी हजारांत ओळखीन.

"लाला," आतून आवाज आला, "उन्हात का उभा? ये ना."

मी पळालो. सांगायला मला लाज वाटत नाही. तिनं झारी उचलायच्या आत गाडी सुरू केली आणि चढ उतरेपर्यंत मागं बघितलं नाही. त्यानंतर मी तिथं थांबणं सोडलं. इंजिन तापलं तरी थांबत नाही.

अदेला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिनं ते माझ्याकडून काढून घेतलंच. ऐकून ती रडली नाही. जिनं पाणी ओतलं ती बाई कशी आहे, दाराचा रंग कोणता, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "मला घेऊन चल."

मी नाही म्हणत राहिलो. ती जेवेना. शेवटी काल सकाळी मेहुण्याची करोला मागून आणली आणि तिला घेऊन गेलो.

म्हातारी दारातच होती. दोघी जुन्या शेजारणींसारख्या गळाभेट घेऊन भेटल्या. अदे बुरखा वर करून आत गेली, क्षणभरही थबकली नाही. मी इंजिन चालू ठेवून गाडीतच बसलो.

आतून तिचा आवाज येत होता. किती वाळलास, असं ती म्हणत होती. वझीरला रागवताना तिचा आवाज जसा चढायचा तसा चढला. तो हसला. मग दोघं हळू बोलायला लागली.

मी हॉर्न वाजवला.

बऱ्याच वेळानं अदे बाहेर आली. उंबऱ्यात थांबून म्हातारीच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मग सावकाश चालत आली, सावकाश बसली. बुरख्याचं टोक दारात अडकलं, म्हणून दार पुन्हा उघडलं. मी म्हणत होतो, लवकर कर, अदे. ती टोक सोडवत राहिली.

मी गाडी पुढं काढली.

मागं खडीवर पाणी पडल्याचा आवाज आला.

आरशात म्हातारी दिसली. रिकामी झारी उलटी धरून ती शेवटचे थेंब झटकत होती.

मी अदेकडं बघितलं. ती समोर रस्त्याकडं बघत होती. किती दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता.

"मीच सांगितलं तिला," ती म्हणाली. "परक्यांत त्याचा जीव रमत नाही. तू थोरला आहेस."

मग तिनं मांडीवरचं शिदोरीचं गाठोडं सोडलं, नान मोडला आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला.