आतून दाखवलेली जागा

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे घडलेलं आहे. ज्याच्या घरात घडलं त्याने ते कुणालाच नीट सांगितलेलं नाही, स्वतःच्या मुलीलाही नाही.

मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते, पण उजेड संध्याकाळी सातसारखा. समुद्रात वादळ उठलं होतं.

खाडीच्या बाजूची शेवटची गल्ली, त्यातलं शेवटचं घर. घरमालक सुतारकाम करणारा, म्हणून सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. वय अठ्ठावन्न. घरात तो आणि त्याची मुलगी. मुलीला आठवा महिना, जावई जहाजावर.

बायको गेल्या वर्षी वारली.

तेव्हाही वादळच आलं होतं. तिला श्वासाचा त्रास होता, रात्री मशीन लावावं लागायचं. सगळे म्हणाले, पुलापलीकडे शाळेत सोय केली आहे, तिला घेऊन जा. मिस्त्री म्हणाला, "दोन दिवसांत लाईट येते. कशाला उगाच दगदग?"

लाईट अकराव्या दिवशी आली.

ती चौथ्या दिवशी गेली.

त्यानंतर मिस्त्रीने एकच गोष्ट मनात धरली होती. तयारी कमी पडली. जनरेटर असता तर ती वाचली असती. म्हणून यंदा त्याने जनरेटर आणला. डिझेल आणलं. दोन पिंपं, सहा बादल्या, घरातली झाडून सगळी पातेली पाण्याने भरून ठेवली. फ्रीजरमध्ये बाटल्यांचा बर्फ केला. मेणबत्त्या, काडेपेट्या, टॉर्चचे सेल, सगळं डब्यात.

मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं करण्यापेक्षा आपण शाळेतच जाऊ या ना."

"काही गरज नाही. या वेळी सगळं आहे आपल्याकडे."

बापाला एकट्याला सोडून ती जाणार नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. आणि तो का हलत नाही, हे तिला माहीत होतं. आज निघालो, तर तेव्हाही निघायला हवं होतं असा त्याचा अर्थ होतो.

समोर राहणारा वायरमन जीपमध्ये सामान भरत होता. तो ओरडून म्हणाला, "मिस्त्री, दोन वाजता आम्ही लाईन बंद करतोय. चारला पूल बंद. नंतर मला फोन करून शिव्या देऊ नका."

"तुला शिव्या द्यायला फोन कशाला लागतो?"

"पोरीचा तरी विचार करा."

मिस्त्री खिडक्यांना प्लायवूड ठोकायच्या तयारीला लागला.

या कामाची त्यांच्या घरात एक पद्धत होती. बाहेरून खिडकीवर प्लाय धरला की मागची लाकडी चौकट झाकली जाते, खिळा कुठे मारायचा ते दिसत नाही. म्हणून बायको आत उभी राहायची. काचेची दारं आत उघडून घ्यायची आणि चौकट जिथे असेल तिथे बोटाने प्लायवर वाजवायची. हा बाहेरून विचारायचा, "कुठे?" आतून टक टक. तिथे खिळा. मोजपट्टी लागायची नाही. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

यंदा आत मुलगी उभी राहणार होती.

त्याने पहिला प्लाय उचलला, खिडकीवर धरला आणि विचारलं, "कुठे?"

टक टक.

बरोबर जागा. खिळा सरळ चौकटीत गेला.

"कुठे?"

टक टक.

पोरगी आईवर गेली आहे, त्याला वाटलं. वारा वाढला होता. काम मात्र भराभर होत होतं. एक खिडकी, दोन, तीन. तो पुढच्या खिडकीकडे सरकला की आत टकटक आधीच तिथे पोचलेली असायची. आठव्या महिन्यातली बाई इतकी चपळ कशी, हे त्याच्या मनात आलंच नाही.

सातवी खिडकी झाली. शेवटचा खिळा मारून त्याने घाम पुसला आणि वळला...

मुलगी फाटकातून आत येत होती. हातात औषधांची पिशवी.

"झालं सगळं? मला वाटलं मी येईपर्यंत थांबाल."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला.

"तू कधी गेलीस?"

"अहो बाबा, सांगून गेले. तुम्ही करवत चालवत होता, हूं म्हणालात. तासभर झाला. मेडिकलमध्ये ही गर्दी."

"आत कोण आहे?"

"कोण असणार? मागे आतून अडसर आहे आणि पुढे मी बाहेरून कडी घालून गेले."

त्याने दाराकडे पाहिलं.

कडी बाहेरून लागलेली होती.

प्लाय वाऱ्याने हलतो, आवाज येतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. सात खिडक्यांवर अठ्ठावीस खिळे. एकही चुकला नव्हता. हे मात्र त्याला स्वतःला समजावता आलं नाही.

त्याने कडी काढली. खिडक्या बंद झाल्यामुळे आत मिट्ट काळोख होता. लाईन गेली होती. त्याने टॉर्च लावला.

स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि मुलगी जागीच थांबली.

ओट्यावर सगळी पातेली पालथी.

बादल्या पालथ्या. दोन्ही पिंपं कोपऱ्यात उलटी उभी.

एक थेंब पाणी नव्हतं. फरशी कोरडी, मोरीसुद्धा कोरडी...

फ्रीजचा प्लग काढून वायर गुंडाळलेली. फ्रीजचं दार किलकिलं, आणि ते मिटू नये म्हणून मध्ये घडी करून ठेवलेला नॅपकिन. बर्फाच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. गॅसचा रेग्युलेटर काढून बाजूला. पलंगावरच्या गाद्या गुंडाळून दोरीने बांधलेल्या.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"नाही."

मुलीचा आवाज खाली आला. "आई असं करायची. घर बंद करून कुठे जायचं असलं की. अगदी असंच. तो नॅपकिन..."

"वेडेपणा करू नको."

त्याने बादली सरळ केली आणि नळाखाली ठेवली. टाकीत पाणी होतं. तो भरत राहिला. दोन बादल्या, मोठं पातेलं, कळशी. मुलगी उंबरठ्यात उभी राहून नुसती बघत होती. तिचा एक हात पोटावर होता.

"चल, जनरेटर चालू करू. उजेड झाला की बरं वाटेल."

जनरेटर मागच्या पडवीत होता. दोघं मागच्या दाराने बाहेर गेली. पाच मिनिटं झाली असतील, फार तर सहा. त्याने दोरी ओढून पाहिली. एकदा, दोनदा, दहादा. नवं कोरं मशीन, कालच दुकानात चालवून घेतलेलं. हूं की चूं नाही.

दोघं परत आत आली.

पातेलं पालथं होतं.

दोन्ही बादल्या पालथ्या. कळशीसुद्धा.

मुलगी रडली नाही. तिने फक्त बापाची बाही घट्ट धरली.

मग पुढच्या खोलीतून आवाज आला...

टक टक.

सवय वाईट असते. मिस्त्रीच्या तोंडून आपोआप शब्द निघून गेला.

"कुठे?"

काहीच नाही. फक्त वारा.

दोघं पुढच्या खोलीत आली. टॉर्चच्या उजेडात दिसलं ते एवढंच. दाराजवळ प्लास्टिकची पिशवी, तिला व्यवस्थित गाठ मारलेली. आत घराची कागदपत्रं. सगळ्यात वर मुलीची दवाखान्याची फाईल. आणि बाजूला मुलीच्या चपला, ज्या तिने आत्ता मागच्या दाराशी काढल्या होत्या.

चपलांची तोंडं बाहेर होती.

"बाबा, मी इथे थांबणार नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते. आईला नेलं नाहीत, मला तरी जाऊ द्या."

इतक्या महिन्यांत ती हे पहिल्यांदा बोलली होती.

मिस्त्रीने आणखी काही ऐकलं नाही. मागच्या दाराला आतून अडसर टाकला, पिशवी उचलली आणि तिला पुढच्या दाराने बाहेर काढलं. साडेतीन वाजले होते. वायरमनची जीप चालू होती. त्याने काही न विचारता मागचं दार उघडलं आणि मुलीला हात दिला.

मिस्त्रीने घराचं दार ओढून घेतलं. कडी घातली.

आणि तेवढ्यात, दाराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आतून...

टक टक.

तो हलला नाही.

पुन्हा टक टक. तिथेच.

पायाशी दोन उरलेल्या फळ्या पडल्या होत्या. हातोडी कमरेला होती. जीपमधून मुलगी बघत होती, वायरमन बघत होता. मिस्त्रीने एक फळी दारावर आडवी धरली आणि जिथे वाजलं तिथे खिळा ठोकला. मग उजवीकडे वाजलं. तिथेही ठोकला. मग दुसरी फळी, खालची. डावीकडे. उजवीकडे.

चार खिळे. मग आवाज थांबला.

"अहो मिस्त्री, दाराला कशाला?" वायरमन म्हणाला. "आत कुणाला कोंडलंत का?"

मिस्त्री जीपमध्ये बसला. पूल ओलांडेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

वादळ त्या संध्याकाळी आलं. पूल सोळा दिवस बंद होता. सहाव्या दिवशी मुलीला अचानक कळा सुरू झाल्या. दवाखाना पुलापलीकडे, म्हणजे शाळेच्या बाजूलाच होता, म्हणून वेळेत पोचली. नाळ बाळाच्या मानेभोवती होती. डॉक्टरीण म्हणाली, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघांपैकी एकही हाती लागलं नसतं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मिस्त्रीची मुलगी तेव्हापासून एकच म्हणते, "आईने वाचवलं आपल्याला."

मिस्त्री मान हलवतो.

सतराव्या दिवशी पूल उघडला, तेव्हा तो एकटाच घरी गेला. गल्लीतली निम्मी घरं पडली होती. त्याच्या घराचं एक कौलही हललं नव्हतं. फळ्या जशाच्या तशा.

पुढचं दार उघडायला त्याचा हात धजला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा प्लाय काढून तो आत उतरला. भांडी पालथी होती. मागचा अडसर जागेवर होता. घरात बंद घराचा असतो तोच वास होता.

मग तो पुढच्या खोलीत आला आणि दारावर टॉर्च मारला.

घाईत त्याने चार इंची खिळे वापरले होते. दार एवढं जाड नाही. खिळ्यांची टोकं दारातून आत निघणार, हे कुणीही सुतार सांगेल.

टोकं निघाली होती...

पण ती वळवलेली होती.

चारही टोकं ठोकून, वळवून, लाकडात सपाट बसवलेली. बाजूला हातोडीच्या तोंडाच्या गोल खुणा. सफाईदार काम. जे दार पुन्हा कधीच उघडायचं नसतं, त्याचे खिळे सुतार आतून असे वळवतो.

घरातली दुसरी हातोडी कुठे असते ते त्याला माहीत होतं. त्याने जाऊन पाहिलं नाही.

मिस्त्रीची बायको बाकी सगळ्या कामांत हुशार होती, पण तिला खिळा ठोकता यायचा नाही. कॅलेंडर टांगायचं असलं तरी ती नवऱ्याची वाट बघायची. बावीस वर्षं तिने जागा दाखवली. ठोकलं कधीच नाही.

मग आत कोण ठोकत होतं?

ती असेल, तर अंधारात एकटी आहे आणि दार त्याने स्वतः बंद केलं आहे. ती नसेल, तर मग सोळा दिवस...

यापुढे तो विचार करत नाही.

सध्या तिघं पुलापलीकडे भाड्याच्या खोलीत राहतात. मुलगी रोज विचारते, "बाबा, घरी कधी जायचं? आईच्या घरात बाळाचे पाय लागू देत."

तो म्हणतो, "लाईट नाही आली अजून आपल्या गल्लीत."

लाईट येऊन तीन आठवडे झाले.

काल मुलगी म्हणाली, "उद्या वायरमनकाकांनाच फोन करून विचारते."