सतरा नंबरच्या घरात कोण राहतं?

"तोंडावर दार आपटलं?" चष्मिशने विचारलं.

"आपटू दे! लिही, नऊ नंबर, उत्तर मिळालं नाही," ठिणगी फणकारली.

समाजशास्त्राच्या बाईंनी नववीला सुट्टीचा अभ्यास दिला होता. गल्लीतल्या वीस घरी जायचं, कोण काय काम करतं, आजारी पडल्यावर कुठे जातं, ते विचारायचं. "अंदाजाने एक ओळही लिहायची नाही!" असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून ठिणगी, तिची मैत्रीण चष्मिश आणि चुलतभाऊ लंबू भर उन्हात दारं ठोठावत हिंडत होते.

गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा दवाखाना होता. लंबू दारापाशीच थबकला. तिथे नवी नोटीस चिकटवलेली होती.

'सर्व दोनशे बारा घरांची पाहणी केली असता दवाखान्याची गरज नसल्याचे आढळले. सबब महिनाअखेर बंद.'

लंबूचा चेहरा उतरला. त्याचे बाबा वेल्डर. महिन्यापूर्वी त्यांचा पाय भाजला होता. दवाखान्यातल्या नर्सताई एक दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलायच्या. मोठं रुग्णालय दोन बस बदलून गाठावं लागे, आणि त्यांना तर कुबडीशिवाय अंगणही ओलांडता येत नव्हतं.

"सर्व घरांची?" ठिणगी ओरडली. "आपण चौदा घरं फिरलो. तेरा जणांनी सांगितलं, असं विचारायला आजवर कोणी आलंच नाही! मग यांनी विचारलं कुणाला? भुतांना?"

"मला तर फक्त किल्ली जमा करायला सांगितलंय, पोरांनो," आतून बाहेर आलेल्या नर्सताई पडेल आवाजात म्हणाल्या.

"चला, आत्ताच नगरपालिकेत जाऊन जाब विचारू!" ठिणगी म्हणाली.

"थांब ग," चष्मिशने तिचा हात धरला. "भांडायला गेलो तर हाकलतील. शिकायला गेलो तर खुर्ची देतील!"

आणि झालंही तसंच. "साहेब, पाहणी कशी करतात ते शिकायचंय," असं चष्मिशने म्हणताच नगरपालिकेतले पाहणी अधिकारी खूश झाले. "हे बघा आदर्श काम!" म्हणत त्यांनी जाडजूड फाईल पुढे सरकवली आणि ते फोनवर गप्पा मारत बसले.

पाहणीचे सगळे फॉर्म एकाच शाईतले, एकाच अक्षरातले. ठिणगीने आपल्या घराचा फॉर्म शोधला. 'वृद्ध जोडपे. कोणीही आजारी पडत नाही.' घरात तर सहा माणसं! तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. टेबलाखालून चष्मिशने तिला करकचून चिमटा काढला. "आत्ता नाही!" लंबूने मात्र सतरा नंबरचा फॉर्म गुपचूप वहीत उतरवून घेतला.

रविवारी दवाखान्याच्या प्रश्नावर शाळेच्या सभागृहात सभा भरली. नगरपालिकेच्या मुख्याधिकारी बाई समोर बसल्या होत्या. अधिकारी ऐटीत म्हणाले, "मी स्वतः प्रत्येक घरात गेलोय."

ठिणगीने हात वर केला. "साहेब, सतरा नंबरलाही?"

"अर्थात!"

"तिथे कोण राहतं?"

अधिकाऱ्यांनी फाईल चाळली. "नवरा, बायको, दोन मुलं. फार सुशील कुटुंब! पाणीसुद्धा विचारलं मला."

सभागृहात खसखस पिकली.

"सतरा नंबर म्हणजे पाण्याचं पंपघर आहे, साहेब!" ठिणगी कडाडली. "तिथे दोन मोटारी आणि एक मांजर राहतं!"

हशा उसळला, पण क्षणभरच. मग लोक उठले. "आमच्याकडे कधी आलात?" "माझ्या आईला दर आठवड्याला इंजेक्शन लागतं!" चहूकडून आवाज चढले. लंबूने तिघांच्या वह्या मुख्याधिकारी बाईंपुढे ठेवल्या. त्यांनी पानं उलटली. तारीख, वेळ, घर, उत्तर. नऊ नंबरपुढे स्वच्छ लिहिलं होतं, 'उत्तर मिळालं नाही.'

"या मुलांनी जे मिळालं नाही तेही लिहिलंय," त्या अधिकाऱ्यांकडे रोखून पाहत म्हणाल्या. "तुमची चौकशी होईल. दवाखाना चालूच राहील. शाबास, मुलांनो!"

"शाबासकी नंतर द्या, बाई," ठिणगी म्हणाली. "आधी ती नोटीस काढा."

मुख्याधिकारी बाई खरंच उठल्या. सगळी सभा त्यांच्यामागे दवाखान्याकडे निघाली आणि तिथे बाईंनी स्वतःच्या हाताने नोटीस टराटरा फाडली. समाजशास्त्राच्या बाईंनी तिघांना जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

घाम पुसत अधिकारी पुटपुटले, "माझ्या हातून चूक झाली, बाळ."

"चूक एखाद्या घराची होते, साहेब," ठिणगी म्हणाली. "दोनशे बारा घरांची होते, तिला लबाडी म्हणतात!"